प्रणोतीची पकड

अधारताल, जबलपूर
११ जानेवारी

प्रिय विभाताई,

ईमेलवर मराठी लिहायची सवय नाही, चुका होतील. फोन करता आला असता, पण तुला आमचं घर माहीत आहे. पुढच्या खोलीत बोललेलं मागच्या खोलीत ऐकू जातं, आणि मागच्या खोलीत सासूबाई असतात.

काम प्रणोतीचं आहे. अकरा पूर्ण झाली. दोन वर्षं झाली कॉलनीच्या कोर्टावर टेनिस शिकते, हे तुला सांगितलं होतं. आज तिची रॅकेट पिशवीतून काढली आणि तशीच खाली टाकली. मुठीवरची टेप काळी पडलेली, चिकट, शिळ्या ताकासारखा वास. तिच्यात केस, कोर्टाची लाल माती आणि एका जागी सोललेल्या कातडीचा तुकडा. माझ्याच मुलीची कातडी. तरी मला हात साबणाने दोनदा धुवावे लागले.

तिचं उजवं मनगट सुजलंय. डॉक्टर म्हणाले, पकड चुकीची आहे, ती सुधारा. कोच दुबे सरही तेच म्हणतात. सर वाईट नाहीत, पण गुटखा खातात. बोलायच्या आधी जाळीच्या खांबापाशी थुंकतात, मग सांगतात, "भाभीजी, बच्ची में दम है, ग्रिप में दम नहीं है." खांबाचा बुंधा लाल झालाय. मी तिकडे बघत नाही, तरी दिसतोच.

सरांनी पकड बदलून दिली की दोन-चार चेंडू नीट जातात, मग हात परत पहिल्या जागी. काल ती रडायला आली. "आई, हात माझं ऐकूनच नाही राहिला," म्हणाली.

मार्चमध्ये संभागाच्या, म्हणजे आमच्या विभागाच्या, संघाची निवड आहे, बारा वर्षांखालच्या मुलींची. तोवर पकड आली नाही तर ती टेनिस सोडणार म्हणते. सोडलं तर घरात कुणाला दुःख होणार नाही, मला होईल. कोर्टावर ती जशी असते तशी घरात नसते. तू युनिव्हर्सिटीकडून खेळलीस, आता कॉलेजच्या मुलींना शिकवतेस. पकड कशी सुधारायची ते मला समजेल असं लिही.

तुझी,
सुखदा


नागपूर
१९ जानेवारी

सुखदा,

तुझं पत्र वाचून आधी मीच हात धुतले.

तुझ्या दुबे सरांना तिथे थुंकायचा पगार मिळतो का शिकवायचा? आमच्याकडे असे तीन येऊन गेले. एक जण मुलींना म्हणायचा, रॅकेट अशी धरा जसं बेलणं धरता. मी त्याला प्राचार्यांसमोर बेलण्याने पोळी लाटून दाखव म्हटलं. दुसऱ्या आठवड्यात गेला. मला या लोकांचा वीट आलाय. मुलीचं मनगट सुजतं आणि हे म्हणतात दम नाही.

आता कामाचं. ती टेप काढून फेक. रॅकेटची मूठ गोल नसते, तिला आठ बाजू असतात. तू रॅकेटची जाळी उभी धर, मूठ प्रणोतीकडे कर, आणि तिला मुठीशी हात मिळवायला सांग. पाहुण्याशी मिळवतो तसा, सैल. पहिलं बोट जरा पुढे. त्या बोटाच्या बुडाशी जे हाड आहे ते मुठीच्या ज्या बाजूवर टेकतं तिथे पेनने ठिपका कर. फोरहँडला हाड त्या ठिपक्यावर यायला पाहिजे. मूठ आवळायची नाही. चिमणी धरली आहे असं समज, उडूही नये आणि मरूही नये. आवळते म्हणून मनगट सुजतं.

रोज बॉल न मारता नुसतं धरणं आणि सोडणं. टीव्ही बघताना, गृहपाठाच्या मध्ये. कंटाळा येईपर्यंत.

आणि टेप काढायच्या आधी तिचा जवळून फोटो काढून पाठव. वास नको, फोटो पुरे. हात कुठे जोर लावतो ते झिजलेल्या टेपवरून दिसतं. फोरहँड, बॅकहँड, सर्व्हिस, तिन्हींबद्दल खरंखरं लिही. आईसारखं नको लिहू, शेजारणीसारखं लिही.

विभावरी


अधारताल
२ फेब्रुवारी

प्रिय विभाताई,

तू सांगितलंस तसं सगळं केलं. ठिपका केला. तो घामाने पुसला जातो म्हणून नेलपॉलिशचा केला. प्रणोती जेवणाआधी, जेवणानंतर, सोफ्यावर मुठीशी हात मिळवत बसते. सासरे म्हणाले, "ही काय दिवसभर लाकडाशी शेकहँड करून राहिली?" बाबा फॅक्टरीत फोरमन होते. हत्यार हातात आलं की कामाला लागायचं, हा त्यांचा नियम. नुसतं धरून बसणं त्यांना बघवत नाही.

पण पकड येत नाही, ताई. सोफ्यावर येते आणि कोर्टावर जाते. फोरहँड शेजारणीसारखा सांगते: ओढून मारल्यासारखा, चिंधी झटकावी तसा. बॅकहँड मात्र, दोन हातांनी मारतात तो, फार सुरेख. दुबे सर म्हणतात, "बैकहैंड तो भगवान का दिया हुआ है, फोरहैंड पता नहीं किसने दिया." सर्व्हिसला बॉल वर टाकते तो इतका सरळ आणि हळू जातो की बाजूच्या कोर्टावरची मुलं बघत राहतात. नंतर रॅकेट फिरवते तेव्हा तीच मुलं हसतात.

उजवा हात तिचा लहानपणापासून जरा मंदच आहे. अक्षरही वाईट.

परवा सरावाआधी उलटी झाली. दुखतं म्हणून की भीतीने, सांगत नाही. आमच्या बाईसाहेबांनी सगळ्यांसमोर कोर्टाच्या कडेला उलटी केली आणि वर माती लोटली, मांजर लोटतं तशी. मला तिची दया यायला हवी होती. मला आधी लाज वाटली.

टेपचा फोटो जोडला आहे. टेप तीच गुंडाळते, कुणाला हात लावू देत नाही.

तुझी,
सुखदा


नागपूर
६ फेब्रुवारी

सुखदा,

फोटो मोठा करून बघितला. खालचा भाग, जिथे उजवा हात असतो, तो मळलाय पण झिजलेला नाही. वरचा भाग, जिथे दोन हातांच्या बॅकहँडला डावा हात येतो, तो खड्डा पडेपर्यंत झिजलाय. कातडी तिथे निघाली आहे.

आणि टेप उलटी गुंडाळलेली आहे. आपण उजव्या हाताची माणसं गुंडाळतो तेव्हा तिच्या कडा एका दिशेला तिरप्या जातात. हिच्या दुसऱ्या दिशेला गेल्यात. ही चूक नाही, फार नीट गुंडाळलेली आहे.

उजव्या खेळाडूचा दोन हातांचा बॅकहँड म्हणजे अर्ध्याहून जास्त डाव्या हाताचं काम. सर्व्हिसला बॉल टाकतो तोही डावा. तिचं जे जे चांगलं आहे ते ते डाव्याचं आहे.

मी तुझ्याकडे पकड सुधारायला पेनचे ठिपके पाठवत होते, आणि तू सगळं लिहीत होतीस, एक गोष्ट सोडून.

प्रणोती डावरी आहे का?

विभावरी


अधारताल
१ मार्च

विभाताई,

इतके दिवस लिहिलं नाही कारण मला तुझा राग आला होता. तू फोटोवरून माझं घर वाचलंस. तो तुझा अधिकार आहे असं मी मान्य करत नव्हते.

होती डावरी. आमच्याकडे म्हणतात, "सवय होती, गेली."

डावा हात मोरीचा. तू म्हणशील हे सगळीकडेच आहे. आमच्याकडे सासूबाई देवापाशी बसताना डावा हात पदराखाली घेतात, देवालाही दिसू नये म्हणून. प्रणोती घास डाव्या हाताने उचलू लागली तेव्हा त्यांनी त्या हातावर मोजा चढवला आणि मनगटाशी नाडी बांधली. जेवायच्या आधी बांधायचा, जेवण झालं की सोडायचा. मारलं नाही कधी, आवाज चढवला नाही. सासूबाई तशा प्रेमळच आहेत. पोरगी विसरून तोच हात वरणात घालायची. मोजा वरणाने थबथबायचा, त्याला भात चिकटायचा, ती तो चोखायची. धुवायला माझ्याकडे यायचा. आंबलेल्या तुरीच्या डाळीचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. पुढे हात शहाणा झाला. शाळेत कुणी तिला खब्बू, म्हणजे डावरी, म्हणून चिडवलं नाही, यातच आम्ही सगळे खूश.

दुबे सरांना सांगावं असं मनातही आलं नाही. जी गोष्ट घरात संपली ती बाहेर कशाला काढायची?

गेल्या शनिवारी मी तिला आणायला लवकर गेले. कोर्टामागे गोदामाची भिंत आहे, तिथून आवाज येत होता. कुणी नव्हतं. प्रणोती एकटी भिंतीवर बॉल मारत होती, डाव्या हाताने. तो आवाजच वेगळा होता, ताई. रोजचा फटका फुटलेल्या मडक्यासारखा वाजतो, हा भरल्या माठासारखा. खांदा सैल, तोंड किंचित उघडं. बॉल एकाच विटेवर जाऊन तिच्याकडे परत येत होता, बोलावल्यासारखा. तिची पकड बघितली. हाड जिथे यायला पाहिजे तिथेच होतं. कुणी ठिपका केला नव्हता.

मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या तोंडात पाणी भरलं, ओकारीच्या आधी भरतं तसं. कारण मी तो हात भिंतीसमोर बघितलाच नाही. मी तो ताटात बघितला.

मी तिची आई आहे. तिचे लंगोट मी बदलले, तापात तिची ओकारी ओंजळीत घेतली. तेव्हा काही झालं नाही. आणि तिचा स्वच्छ हात बघून मला किळस आली. हे नवऱ्याला, धनेशनाही, सांगितलेलं नाही. तुला सांगून बरं वाटत नाहीये.

सुखदा


नागपूर
५ मार्च

सुखदा,

तुला किळस आली याचं मला नवल वाटलं नाही. तुझ्या किळसेची मला किळस आली, हेही लिहून टाकते, म्हणजे पोटात राहणार नाही. मोज्याचं वाचून मी चहाचा कप तसाच सिंकमध्ये ओतला.

आता रडत बसू नको. दुबेला सांग. पेनचे ठिपके, माझे धडे, सगळं पूस. डाव्या हाताला काही शिकवू नका. मूठ पुढे करा, हात मिळवू द्या, तो आपली जागा शोधेल. त्याने शोधलीच आहे. निवडीत ती हरेल, कारण डाव्या हाताने सामना ती कधी खेळली नाही. हरू दे.

घरच्यांसाठी एक तोड आहे. रॅकेट डाव्या हातात, घास उजव्या हातात. खेळ खेळाच्या जागी, ताट ताटाच्या जागी. तुझ्या सासूबाई कोर्टावर येत नाहीत आणि देव तर टेनिस बघतच नाही. कुणाचं काही बिघडत नाही. इतकं तर तुला जमेल?

विभावरी


अधारताल
२४ मार्च

प्रिय विभाताई,

दुबे सरांना सांगितलं. थुंकायला वळले होते, ते तसेच थांबले. "लेफ्टी है? और दो साल से हमसे राइट सिखवा रही हैं? भाभीजी, आप लोग भी ना! लोग लेफ्टी के लिए तरसते हैं!" मग प्रणोतीकडे वळून म्हणाले, "बेटा, तुम तो कह देतीं." ती म्हणाली, "सर, आपने पूछा कब?" पहिल्यांदाच मला तो माणूस ओशाळलेला दिसला.

मनगटाची सूज उतरली. काल निवड होती. पहिल्याच सामन्यात हरली, आणि उड्या मारत बाहेर आली. "आई, तिला माझा बॉल कळूनच नाही राहिला! पुढच्या वर्षी बघ न!" टेनिस सोडायची भाषा संपली.

इथपर्यंत तुझं बरोबर. पुढचं ऐक.

ती आता डावा हात मांडीखाली दाबून जेवते. पूर्वी असं करत नव्हती. इतकी वर्षं हात गप्प होता, आता जागा झालाय आणि पोळीकडे धावतो. म्हणून त्याच्यावर बसते. उजव्याने वरणभात उचलते आणि निम्मा मांडीवर सांडते. पाच वर्षांची असताना इतकं सांडत नव्हती. आपली मुलगी स्वतःच्याच हातावर बसून जेवताना बघणं किती ओंगळ असतं, ते तुला सांगता येणार नाही. पूर्वी निदान मोजा दुसऱ्याने चढवला होता.

खेळ एकीकडे आणि ताट दुसरीकडे ही तुझी वाटणी सासूबाईंपेक्षा फार वेगळी नाही, ताई. रागावू नको.

पनागरहून भाजी घेऊन येणाऱ्या माणसाने बाबांना सांगितलं, तुमची नात खब्बू खेळते, मस्त खेळते. बाबा जेवताना म्हणाले, "खेळात चालते. पण मोरी आणि चूल घरात वेगळीच पाहिजे." धनेश वरणाकडे बघत राहिले. प्रणोती हातावर आणखी जोर देऊन बसली.

चैत्राची अष्टमी येते आहे. सासूबाई दर वर्षी इथल्या पद्धतीने नऊ कन्या जेवू घालतात. पाय धुतात, कुंकू लावतात, पाया पडतात. यंदाही पहिलं नाव प्रणोतीचं आहे. गल्लीतल्या सगळ्या बायका येतात.

तुझी,
सुखदा


नागपूर
२८ मार्च

सुखदा,

रागावले नाही. तुझं वाक्य दोन दिवस चघळलं आणि पटलं. वाटणी सोपी होती म्हणून मी सांगितली. हातावर बसायची वेळ माझ्यावर नव्हती.

पण अष्टमीला तिला पंगतीत बसवू नको. ताप आला म्हण. बायकांच्या समोर त्या पोरीचा तमाशा होईल, आणि तुझी सासू प्रेमळपणे तो करेल, त्याचीच मला शिसारी येते. शाळेला सुट्टी लागली की माझ्याकडे पाठव. इथे ती पायाने जेवली तरी कुणी विचारणार नाही. वर्षभर राहिली तरी चालेल. कोर्ट घरापासून चालत आहे.

विभावरी


अधारताल
८ एप्रिल

प्रिय विभाताई,

ताप आला असं सांगितलं नाही. प्रणोतीलाच विचारलं. म्हणाली, "मी काय बीमार आहे?"

नऊ मुली ओळीने बसल्या. सासूबाईंनी परातीत एकेकीचे पाय धुतले, पुसले, कुंकू लावलं. प्रणोतीच्या पायांवर डोकं टेकवलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. ते खोटं नव्हतं, ताई. मी पुऱ्या वाढल्या, हरभरे, शिरा. सगळ्यांनी सुरुवात केली. प्रणोतीचा डावा हात मांडीखाली होता. तिने माझ्याकडे बघितलं. मी काहीच केलं नाही, होही नाही आणि नाहीही नाही. मग तिने तो हात काढला, पुरीचा तुकडा मोडला आणि शिऱ्यात घातला.

कांचघरच्या राधाबाई, सासूबाईंच्या मैत्रीण, दारापाशी होत्या. "इंदिराबाई, हे काय हो? तुमची देवी डाव्या हातानं जेवून राहिली!"

दोघी-तिघी हसल्या. एकीने नाकाला पदर लावला. नाकाला, विभाताई! जसा काही वास येत होता. शेजारच्या छोट्या मुलीनेही गंमत म्हणून डाव्या हाताने शिरा उचलला, तर तिच्या आईने येऊन फाडकन तो हात मारला. मघाशी त्याच पोरीच्या पाया पडली होती.

सासूबाई ओरडल्या नाहीत. वाकल्या आणि प्रणोतीच्या समोरचं ताट उचललं, दोन बोटांनी, कडेला धरून. म्हणाल्या, "ऊठ बाळा. हे आता कोणाले देता येत नाही. गाईलेही नाही."

प्रणोती उठली नाही. कुंकवाचे पाय तसेच पसरून बसलेली. "आजी, आत्ता तर तू माझ्या पाया पडली न?"

सासूबाईंचा चेहरा मी बघितला. राग नव्हता. माझ्या चेहऱ्यावर त्या शनिवारी जे असेल तेच होतं. मला बाहेरून ते पहिल्यांदा दिसलं, आणि मी ते सहन करू शकले नाही.

मी त्यांच्या हातातून ताट घेतलं. प्रणोतीसमोर ठेवलं आणि खाली बसले. म्हटलं, "मला एक घास दे."

"कोणत्या हातानं?"

"ज्यानं तू जेवतेस त्या."

तिने पुरी मोडली, शिरा घेतला आणि हात पुढे केला. तुपाने माखलेली बोटं माझ्या ओठांना लागली. घास तोंडातच राहिला, डोळ्यांतून पाणी आलं. खोटं लिहीत नाही, मायेने सगळं विरघळलं वगैरे काही झालं नाही. तो घास मला मेलेल्या उंदरासारखा वाटला.

तिला दिसलं. ती हळूच म्हणाली, "तुले उलटी येऊन राहिली."

"येऊन राहिली."

"मग थुंक न."

मी मान हलवली. गिळला. मग म्हटलं, "आणखी दे." दुसराही तसाच गेला, अडकत. तिसऱ्याच्या वेळी राधाबाई चपला घालत होत्या.

त्या दिवसापासून प्रणोतीचं ताट सासूबाईंनी मोरीशेजारच्या फळीवर ठेवलंय. त्या अजूनही तिची वेणी घालतात, ती परत आल्याशिवाय चहा घेत नाहीत. फक्त ताट फळीवर. काल सकाळी तिथे त्यांनी माझंही ताट ठेवलेलं दिसलं. धनेशनी बघितलं आणि ड्युटीवर गेले. त्यांच्याकडून अजून तरी एवढंच.

प्रणोतीने फळीकडे बघितलं आणि म्हणाली, "अच्छा, म्हणजे आपण दोघी डबल्स."

मी रोज तिच्या हातचा एक घास मागते. किळस गेलेली नाही. कधी कमी असते, परवा भेंडीच्या भाजीला फार आली. ती माझ्या गळ्याकडे लक्ष देऊन बघते, आणि उतरला की मगच स्वतः जेवायला लागते. मांडीखाली आता तिचा कुठलाच हात नसतो.

सुट्टीत तिला तुझ्याकडे पाठवेन म्हणून तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. कोर्ट घराजवळ आहे ऐकून डोळे चमकले. मग म्हणाली, खेळायला येते, आठ दिवस. राहायला नाही.

"मला इथंच जेवायचं आहे," म्हणाली.

तुझी,
सुखदा